पुरे म्हणणारा बाप

मंडळी, ऐका! पोरांसाठी जीव देईन म्हणता ना? म्हणता! मग सांगा — द्यायची वेळ आली, तर तो देण्याच्या लायकीचा ठेवलाय का? हसू नका! आणि मागच्या रांगेतले काका, ढेकर नंतर द्या!

आनंदराव खिलारे नावाचा एक गृहस्थ. पंगतीचा राजा! पाटावर आधी पोट बसायचं, मग आनंदराव! लोक म्हणायचे, "सुखाचं अंग आहे!" कसलं सुख? चार पायऱ्या चढला की धाप लागायची!

त्याची एकुलती लेक कावेरी. तिचं यकृत निकामी होत चाललं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "घरच्या कुणीतरी यकृताचा तुकडा द्यावा लागेल." आईचा रक्तगट जुळेना. आनंदराव ताडकन उठला — "माझं घ्या! हवं तेवढं घ्या!"

तपासणी झाली. बाई म्हणाल्या, "काका, चरबी पोटाभोवती साठलीय, तशी यकृतातही साठलीय. असलं यकृत घेता येत नाही. तिच्याही जिवाला धोका, तुमच्याही! पोट उतरवा, पुन्हा तपासू. पण लवकर! पोरीकडे फार वेळ नाही."

देणारा तयार, घेणारी समोर — आणि मध्ये कोण आडवं आलं? जिलब्या!

लागला बाप चालायला! सकाळी चाले, संध्याकाळी चाले, भाजी-भाकरीवर राहिला. झोप नाही, चित्त थाऱ्यावर नाही. पोट उतरायला लागलं, आणि नेमकं पुतण्याचं लग्न आलं! थोरले भाऊ सोपानतात्या जिलब्यांचं ताट घेऊन समोर उभे — "आनंदा, एका घासानं काय होतंय? माझी शपथ आहे तुला!" झालं! घातली शपथ! अख्खी पंगत ओरडतेय, "घ्या, घ्या!" तात्यांनी जिलबी ओठांना लावलीसुद्धा!

आनंदरावानं भावाचा हात धरला. डोळ्यांत पाणी. म्हणाला, "तात्या, माझ्या पोटात आता कावेरीचं यकृत आहे. त्याच्यावर जिलबी नका वाढू!"

तात्यांनी ताट खाली ठेवलं, आणि दुसऱ्या दिवसापासून तेही भावाबरोबर चालायला निघाले.

पुन्हा तपासणी झाली. बाई म्हणाल्या, "चालेल!" ऑपरेशन झालं. कावेरी घरी आली, बापाला मिठी मारली — तर दोन्ही हात त्याच्या पाठीमागं जुळले! "बाबा, आज पहिल्यांदा पुरले!" म्हणाली. ढसाढसा रडला हो तो!

आता तुम्ही! बाहेर पानं मांडलीत, वास येतोय, माझंही चित्त तिकडंच! पण आधी हात पोटावर ठेवा. ठेवा, लाजू नका! हे पोट एकट्याचं आहे का तुमच्या? आणि वाढप्यांनो, कुणी नको म्हटलं तर शपथा घालायच्या नाहीत — हात मागं घ्यायचा! चला, सगळ्यांनी मोठ्यानं म्हणा — पुरे!