पाइनला पाणी

डिचोलीहून मयेला जाणाऱ्या बसमध्ये पद्मावतीच्या पुढच्या बाकावर नणंद-भावजय बसल्या होत्या. भावजयीच्या मांडीवर नव्या बोन्सायची कुंडी होती.

"वैनी, हे सुरूचं गे."

"नाय गे सिद्धी, पाइन. सुरूची काडी ओढली की सांध्यावर तुटते. ह्याला बघ, दोन दोन सुया जोडीनं आल्यात."

"मग पिवळं का पडलं?"

"पाणी जास्त झालं. नर्सरीवाल्याला दाखवून आले. माती सुकल्याशिवाय घालू नका, बाहेर उन्हात ठेवा म्हणाला."

"मग घालतेस कशाला एवढं?"

"मी घालतच नाय. सकाळी उठते तर कुंडी निथळत असते."

"वरून गळत असेल."

"या उन्हाळ्यात?"

"मग घरात कोण आलं होतं?"

"कोण येणार? दाराला आतून कडी मीच लावते."

पद्मावतीचा थांबा आला. तिच्याने उठवेना.

"वैनी, ते झाड मला दे. माझ्या अंगणात जगेल तरी."

"नको."

"अगो, तुझ्याकडे मरेल ते!"

"मेलं तर दुसरं आणीन. तुझा दादा गेल्यापासून पहिल्यांदाच घरात माझ्या आधी कोणीतरी उठतंय."