मोहाखालचा खराटा

आमी देवरीकडले जी, जंगलाच्या काठचे. शाळेत मी गेलतो, पन शाळा काई माज्या डोक्यात गेली नाई. मास्तर म्हने, तू बकऱ्या चार. बकऱ्या चाराले गेलो त बकऱ्याच मले घरी घेऊन येत. अन बायको भेटली शेवंता. का सांगू तुमाले, घरातली सारी अक्कल तिच्या वाट्याले, अन भूक सारी माज्या. लग्नात तिच्या मायनं एक मोहाचं झाड देल्लं, म्हने याची फुलं आता तुजी. आमचं वर्साचं तेल-मीठ त्याच झाडावर.

आता मोहा कसा हाय, चैतात फुलं पडतेत, पन खाली पाचोळा, त्यात फूल दिसत नाई. म्हनून लोकं झाडाखाली आग लावतेत, पाला जरला का जमीन साफ. मीही तेच करो, काडी ओढली का बसलो बिडी पीत. आरामाचं काम, मले जमे.

एका वर्सी हिवाळ्यातला पानी आलाच नाई, सकारी दवही नाई. मी काडी काढली, त शेवंतानं हात धरला. एक पान उचललं, मुठीत चुरलं, त्याची भुकटी झाली. म्हने, पाहा, पापडावानी वाजून राहिलं. तुमचे होठ काऊन फाटले? हवेत ओलच नाई. वारा सुटला त कोन आवरन? मी म्हनलो, वारा कुठं हाय वो, पान हालून नाई राहिलं. म्हने, ऊन चढलं का सुटन, घ्या खराटा. म्हनलो, मरदानं खराटा माराचा का? म्हने, मर्द असाल त जोरात मारा.

मारला जी. सावलीपुरता नाई, तिचं मन भरेपर्यंत, चारी बाजूनं. कंबर मोडली माजी, तोंड चालूच होतं, कोनती बाई भेटली देवा म्हनून.

ऊन चढलं अन वारा सुटला. पलीकडं कोनीतरी आपल्या मोहाखाली आग लावली होती, ते निंगाली. चालत नाई आली ते, पेटलं पान उडे, पुढं पडे, तिथं दुसरी आग. मी परालो, वारा जिकडं जाय तिकडंच सरळ परालो, लुंगी काट्यात अडकली, ते तिथंच सोडली. शेवंता ओरडली, अवो, तिकडं कुठं! वारा तुमच्याहून जोरात परून राहिला, झाडाखाली या!

वापस आलो, तसाच. दोघं बुंध्याले चिकटलो, शेवंता हिरवा फाटा घेऊन ठिनग्या मारे, मी तिच्या पदरात डोकं खुपसून देवाचं नाव घ्यावं, त तेही आठवेना. आग झाडलेल्या जाग्यापर्यंत आली, तिथं जराले पानच नाई, मंग दोन्ही बाजूनं निंगून गेली. मी डोरे उघडले त शेवंता रडून राहिली अन हासूनही राहिली. म्हने, झाड वाचलं, तुमीही वाचले, आता काई नेसा.

आता चैत लागला का सारे मोहाखाली खराटा मारतेत, मले पाहून हासतेत अन मारतेत. मी झाडतो, शेवंता बुंध्याशी बसते, पाय दुखतेत तिचे. तिथून बोट दाखवते, तो कोपरा राहिला. राहू द्या जी, एक कोपरा मी मुद्दामच ठेवतो. तिनं बोलत राहावं.