फुगलेल्या शिरा

स्कॅन विभागाबाहेरच्या बाकावर माझ्या शेजारी एक बाई बसल्या होत्या. डॉक्टरांच्या खोलीतून त्यांचा धाकटा भाऊ बाहेर आला.

"ताई, कॅन्सर परत आलेला नाही."

"मग स्कॅनमध्ये दिसल्या त्या फुगलेल्या शिरा कसल्या?"

"ऑपरेशनमध्ये माझं अर्धं जठर काढलं, तेव्हा काही शिरा बांधून टाकल्या होत्या. आता रक्ताचा सगळा भार उरलेल्यांवर पडलाय, म्हणून त्या जाड दिसतात."

"घे माझी शपथ."

"तुझी शपथ. पुढच्या स्कॅनला परत बघतील, आज काहीच करायचं नाही. तू आत का नाही आलीस?"

"पाय उचलेनात रे. गेल्या वर्षी तुझ्या कॅन्सरचं त्याच खुर्चीत बसून ऐकलं होतं ना."

"म्हणून मी आज उभ्यानंच ऐकलं."

"बरं, चल. वरच्या वॉर्डात जाऊ."

"तिथे काय काम आहे?"

"तू आडवा होतास, तेव्हा मी तिथल्या नर्सबाईंना नाही नाही ते बोलले. तरी त्या रात्रभर तुझ्या उशाशी होत्या. त्यांचे आभार मानायचे राहिलेत."

"त्यांना आपण आठवणार आहोत का?"

"नाही आठवलो तरी चालेल. मला त्या आठवतात."