जुन्या स्टेशनाच्या काळ्या दगडावर सांडलेला रंग

जबाब

सत्यम कैलास केदारी, वय २१ वर्षे, धंदा – सध्या काही नाही (कॉलेज दुसऱ्या वर्षाला सोडले), रा. भाजे, ता. मावळ, जि. पुणे.

समक्ष विचारल्यावरून सांगतो की, मळवलीच्या पुढे रुळालगत कोळशाच्या इंजिनांच्या काळातले, आता बंद पडलेले स्टेशन आहे. त्याच्या जतनाचे काम चालू आहे. पुण्याची आर्किटेक्चरची विद्यार्थिनी तेजल तिथे मोजमापे घेते. मी टेपचे दुसरे टोक धरतो. तिचा नि माझा संबंध काय, असे साहेबांनी विचारले. टेप धरतो, तेवढाच.

गेला महिनाभर आम्ही भिंतीवरचे सफेतीचे थर पाणी मारून, ब्रशने घासून काढले. आतून काळा दगड निघाला. दगडादगडावर तो घडवणाऱ्याची खूण आहे. कुठे मासा, कुठे त्रिशूळ, कुठे नुसत्या रेघा. त्या माणसांची नावे कुठेच नाहीत. तेजलने माझा हात कमानीवर ठेवला. तेवढ्यात एक्स्प्रेस गेली. सगळी कमान आतून घुमली, पण सांध्यातून चिमूटभर चुना पडला नाही. एक्स्प्रेस लांब गेली तरी मी हात काढला नाही. तुला एका जागी थांबलेला पहिल्यांदाच बघतेय, असे ती म्हणाली.

आज सकाळी ठेकेदार आदिनाथ शेलार यांचे पेंटर त्याच भिंतीला पिवळा ऑइलपेंट मारायच्या तयारीत होते. आमच्याकडे देवळाच्या दगडालाही तोच मारतात आणि त्यालाच जतन म्हणतात. तेजलने सांगितले, ओल आत कोंडेल, दगडाचे पापुद्रे सुटतील, त्याला श्वास घेऊ द्या. आदिनाथभाऊ म्हणाले, "ताई, दगुड का नाकानं श्वास घेतो व्हय? उद्घाटनाला सायेब येणारेत. त्यास्नी हे काळं थोबाड दाखवू का?" मी म्हटले, "भाऊ, ब्रश खाली ठेवायला सांगा." ते म्हणाले, "तू कोण रं? कालेज सुटलं, आता टेप धरून पोरीमागं हिंडतोय." पेंटर हसले. तेजल तिथेच उभी होती.

मी भाऊंची गचांडी धरली, हे खरे आहे. मारले नाही. डब्याला लाथ मारली, हेही खरे आहे. डबा भरलेला होता. सगळा रंग कमानीच्या बुडाशी, मासा असलेल्या दगडावर गेला. पेंटरांनी तोवर एक हातही मारला नव्हता. भिंतीला लागलेला रंग फक्त माझा आहे.  पेंटरकडून टर्पेंटाइन मागून घेऊन तेजल ओढणीनेच पुसायला बसली. मला गाडीत घातले तेव्हाही पुसतच होती.

भाऊंची माफी मागायला मी तयार आहे. जी कारवाई करायची ती करा, पण उद्या करा. रंग वाळत चालला आहे आणि ती तिथे एकटी आहे.

हा मजकूर हवालदारांनी मला वाचून दाखवला. ऐकताना मी दोनदा उठलो. तो मी सांगितला तसाच आहे.