आपलंच घर समजा

मला आधी एक सांगा, ‘आपलंच घर समजा’ असं म्हणणाऱ्या माणसावर विश्वास ठेवायचा की नाही? नाही नाही, सांगाच! पाहुणे म्हणून गेलो आणि कुणी म्हणालं तर ठीक आहे, आपण समजतो, पाय पसरतो, दुसरा चहा मागतो. पण भाड्याचं घर दाखवताना मालक किल्ली बोटावर गरागरा फिरवत म्हणतो ना, ‘या, या! अगदी आपलंच घर समजा हं... फक्त भिंतीला खिळा ठोकायचा नाही!’... अहो, मग आपलं कसं झालं ते?

तुम्हाला सांगतो, माझं हार्डवेअरचं दुकान आहे. शाळेशी माझं फार जमलं नाही, पण गिऱ्हाईक पायरी चढलं की मी ओळखतो. खिळे मागितले की घर स्वतःचं, चिकटणारे हूक मागितले की भाड्याचं! आणि ते हूक तरी काय, पाकिटावर ऐटीत छापलेलं असतं ‘पाच किलो पेलतो’, आणि ओला टॉवेल अडकवला की मान टाकतात. मीच विकतो, मलाच माहीत!

तर या हुकांचं माझं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक म्हणजे आमची भाची. चष्म्याच्या दुकानात कामाला आहे, दिवसभर काचा घासून फ्रेममध्ये बसवते, सगळ्या गावाला स्पष्ट दिसावं म्हणून राबते, आणि स्वतःला मात्र... थांबा, आरशाचं राहिलंच! तिच्या लग्नात मी आरसा दिला. साधासुधा नाही, जाड लाकडी चौकटीचा, उचलायला दोन माणसं आणि टांगायला चार इंची दोन खिळे हवेत असा. मामाची भेट आहे, हलकी कशी द्यायची? आता मला काय माहीत पोरगी कुठं राहणार आहे! हा आरसा पाच भाड्याची घरं फिरला आणि पाचही घरांत जमिनीवर, भिंतीला टेकून उभा. भाचीला स्वतःच्या चपला रोज दिसायच्या, चेहरा कधीमधी. आणि जावईबापू? शाळेच्या प्रयोगशाळेत असतात, माणूस सहा फुटी, पण लग्न झाल्यापासून बिचारे रोज सकाळी जमिनीवर बसून भांग पाडतात. मी विचारलं, ‘काय जावईबापू, ध्यानाला बसलात?’ तर म्हणतात, ‘नाही मामा, केसांना बसलोय.’

पाचव्या घराचा मालक म्हणजे बाराघरे. मूळ आडनाव काय ते त्याची बायकोच जाणे. बारा घरं घेतली, बाराही भाड्यानं दिली, म्हणून बाराघरे. माणूस तसा वाईट नाही हो, नळ गळला तर दुसऱ्या दिवशी माणूस पाठवतो. पण एक खोड! भाडेकरू घर सोडायला निघाला की हा खिशातून खडू काढतो, भिंतीवरचं एकेक भोक शोधतो, त्याभोवती गोल काढतो आणि डिपॉझिटमधून कापतो. टाचणीचं भोकसुद्धा सुटत नाही. ‘हे एक... हे दोन... हे काय आहे? पुटकुळी? तीन!’

भाचीनं एक दिवस ठरवलं, बास! स्वतःचं घर घ्यायचं. छोटं का होईना, भिंत आपली पाहिजे. पै पै साठवली, बँकेनं कर्ज देऊ म्हणून कळवलं, आणि दोघं घरं बघायला निघाले. पहिल्या घरी गेले, तर जिना उतरताना समोर कोण? बाराघरे! ‘अरे! तुम्ही पण? गेलं हो हे घर, आत्ताच इसार देऊन आलो. पण काळजी नको, तुम्हालाच देतो की भाड्यानं! आपलंच घर समजा... फक्त भिंतीला खिळा...’

दुसऱ्या घरी तेच, तिसऱ्या घरी तेच. बँकेचा साहेब कागदावर फुंकर मारून शाई वाळवेपर्यंत हा रोख मोजून मोकळा! तिसऱ्या जिन्यात मात्र भाचीचा तोल गेला. ‘अहो, बारा घरांत एकदम झोपता येतं का तुम्हाला? आमच्यासाठी एक तरी सोडाल की नाही?’ त्यालाही लागलं. ‘हे बघा ताई, तुम्ही घर घेणारी मंडळी आम्हाला चोर समजता. आम्ही नसतो तर इतकी वर्षं राहिला असतात कुठं?’ आणि भाची, जी आजवर भाडं द्यायला गेली तरी ‘आत येऊ का?’ विचारायची, ती काय म्हणाली माहितीये? ‘तुम्ही नसता ना, तर केव्हाच स्वतःच्या घरात राहिलो असतो!’ जावईबापू जिन्याचा कठडा धरून उभे. वाक्य बायकोचं, घाम यांना!

पण चौथं घर... चौथं घर एका टेलरमास्तरांचं. बायको गेलेली, आता लेकीकडे राहायला चाललेले. भाची मला म्हणाली, ‘मामा, या वेळी तुम्ही चला. भिंती बघा.’ मी गेलो, आणि काय सांगू, डोळे निवले! भिंत न् भिंत खिळ्यांनी भरलेली. कात्रीला एक खिळा, टेपला एक, पट्टीला एक, कपडे बेतायच्या कागदी कापांचे गठ्ठे एकावर एक टांगलेले. मी मनात म्हटलं, वा मास्तर! तुमच्यासारखी गिऱ्हाइकं असती तर मी दुमजली दुकान बांधलं असतं!

आणि बाराघरे हजर. त्याला हे घर हवंच होतं, कारण याच्या खालचं घर त्याचंच. त्यानं येतायेताच आकडा फेकला, मास्तरांनी सांगितलेल्या किमतीच्या वर, आणि रोख! मास्तरांनी टेप गळ्यात ओढून घेतली, भाचीकडे बघितलं. भाची मान खाली घालून म्हणाली, ‘आमच्याकडे तुम्ही म्हणाल तेवढेच आहेत. तेसुद्धा बँकेकडून यायचेत.’ संपलं! मी मनात म्हटलं, चल बाई, अजून दोन पाकिटं हूक बांधून देतो तुला.

आणि इथं सवय आडवी आली बघा, माणसाची सवय! बाराघरे भिंती निरखत पुढं पुढं सरकला, एका रिकाम्या भोकाशी थांबला, मास्तरांच्याच टेबलावरचा खडू उचलला आणि काढला ना गोल! ‘हे एक.’ मग दुसरा. ‘हे दोन.’ मास्तर बघताहेत. आम्ही बघतोय. त्याला भानच नाही! सातव्या गोलाला मान मागं वळवून मास्तरांना दरडावतो, ‘खिळे कुणाला विचारून ठोकले हो? डिपॉझिटमधून कापावे लागतील!’

मास्तर हळूच म्हणाले, ‘माझ्या घरात खिळा ठोकायला मी विचारायचं कुणाला? आणि डिपॉझिट कुणी कुणाला दिलंय?’

‘अरे... सवय हो, सवय! तोंडातून गेलं!’

‘तो खडू खाली ठेवा.’

तेवढ्यात भाची स्वयंपाकघराच्या दाराशी वाकलेली. तिथं एक खिळा होता, एकदम खाली, गुडघ्याच्या उंचीवर. ‘मास्तर, हा एवढा खाली कशाला?’ मास्तर म्हणाले, ‘लेकीच्या दप्तराचा. तिचा हात तेवढाच पोचायचा.’ भाची म्हणाली, ‘सामान काढाल तेव्हा हा तेवढा काढू नका. राहू दे.’

झालं! मास्तरांनी हातातली कात्री टेबलावर ठेवली. ‘पोरी, बँकेला सावकाश पैसे देऊ दे. मी थांबतो. किंमत सांगितली तीच.’ बाराघरे म्हणतो, ‘मास्तर, मी अजून वाढवतो!’ मास्तर म्हणाले, ‘तुम्ही आधी माझी भिंत पुसा.’ आणि पुसली हो त्यानं! रुमालानं! सातही गोल!

पुढं कर्ज आलं, कागद झाले, किल्ली मिळाली. ज्या दिवशी राहायला गेले त्या दिवशी मी दुकान बंद करून चार इंची खिळ्यांचं अख्खं पाकीट घेऊन गेलो. आरसा आणला, जावईबापू स्टूल धरून उभे, भाची हातोडी घेऊन स्टुलावर. हात उचलला... आणि थांबली. ‘मामा,’ म्हणते, ‘विचारायचं कुणाला?’

‘कुणालाच नाही गं बाई, ठोक!’

आणि ठोकला! असा ठोकला, इतक्या वर्षांचा राग एका खिळ्यावर! खिळा अर्धा आत... आणि फस्स! भिंतीतून कारंजं! पलीकडं न्हाणीघर, मधून पाण्याचा पाइप. भाची भिजली, मी भिजलो, जावईबापू उंच, म्हणून सगळ्यात जास्त भिजले. पाणी थेट खाली, बाराघऱ्याच्या घरात. आणि नेमका तो तिथंच! खालचा भाडेकरू, बेकरीत पाव भाजणारा, घर सोडत होता आणि साहेब भोकं मोजत होते. जोरात गोल काढताहेत आणि वरून धबधबा!

आला धावत वर, केस कपाळाला चिकटलेले, हातात खडू. ‘कुणी ठोकला खिळा? कुणाला विचारून ठोकला?’

भाची स्टुलावरून खाली उतरली नाही. हातोडी खांद्यावर, पाणी निथळतंय, आणि मोठ्यानं म्हणाली, ‘मला विचारून!’

अहो, टाळ्याच वाजवल्या मी! बाराघऱ्याचा खडूचा हात सवयीनं वर गेला, भोकाभोवती गोल काढायला, आणि पाण्यानं खडू तिथल्या तिथं धुऊन नेला. तेवढ्यात मागून बेकरीवाला हसत वर आला. ‘साहेब, खालच्या भिंतीवरचे तुमचे गोल गेले की वाहून! आता कुठलं भोक माझं आणि कुठला पोपडा ताईंच्या पाण्याचा, कसं ठरवणार?’ आणि डिपॉझिट पुरं घेऊन गेला गडी! भाचीनं मात्र स्वतःहून सांगितलं, ‘खालचं छत मी नीट करून देते. बिल आणा. जेवढं माझ्यामुळं खराब झालं तेवढ्याचं.’ बाराघरे जाताना दारात थांबला. ‘आपलंच घर समजा’ म्हणायची सवय, पण इथं म्हणायचं कसं?

पाइप दुरुस्त झाला, आरसा समोरच्या भिंतीवर लागला, भाचीच्या अगदी डोळ्यांसमोर. आता रोज चेहरा बघते, उगाच दोनदा बघते. जावईबापू? अहो, आरसा लावला तिच्या उंचीनं! यांना त्यात शर्टाची बटणं दिसतात. इतकी वर्षं जमिनीवर बसून भांग पाडला, आता स्टुलावर बसून पाडतात. मी म्हटलं, ‘वर सरकवू का?’ तर आवाज खाली आणून म्हणतात, ‘मामा, राहू द्या. ती परत हातोडी घेईल.’

असो. तुमच्यातही कुणी घरं भाड्यानं देणारे असतील, त्यांना हात जोडून एकच मागणं. भोकं खुशाल मोजा, पण हिशेब खरा ठेवा. भोक लिहिलंत, तर त्या खिळ्याला काय टांगलं होतं, तेही शेजारी लिहा.