भरलेली थाळी

बसथांब्यावर बिस्किट खात बसलेल्या शिंपीणबाईंच्या कानावर शेजारच्या बाकावरच्या दोघी बहिणींचं बोलणं पडत होतं. थोरली शाळेत विज्ञान शिकवायची.

"प्रत्येक वर्गाच्या खिडकीबाहेर दाण्यांची थाळी टांगली. मुलांना मीच शिकवलं, पाखरं जिथे दाणे टाकून जातात तिथे त्यांना कसलीतरी भीती असते."

"मग?"

"बाकी थाळ्या साफ. माझ्याच वर्गाची भरलेली."

"मांजर असेल गं."

"नाही ना! शेवटी मी वर्गच बदलून घेतला. आता जुन्या खिडकीतले दाणे संपतात, नव्या खिडकीतले तसेच राहतात."

"काहीतरीच तुझं, ताई!"

"मुलं हल्ली पहिल्या बाकावर बसत नाहीत."

शिंपीणबाईंनी पदरातला चुरा झटकला. कबुतरं धावत आली, सगळ्यांच्या पायांत घुटमळली. त्या दोघींपुढचा चुरा मात्र तसाच पडून राहिला.

"ताई, जरा लांब जाऊन उभी राहतेस?"

थोरली उठून पार खांबापाशी गेली. कबुतरं लगेच तिच्या पायांशी जमली.

"अगं बघ, आली! माझ्याजवळ आली!"

बाकापुढचा चुरा अजून तसाच होता. धाकटीने मानसुद्धा वळवली नाही.

"ताई, माझ्या शेजारी कोण बसलंय?"