सेनोबियाची फीत

पालिकेच्या साहेबांनो, अर्जेंटिनातल्या सांतियागो देल एस्तेरोच्या या टोकाला तुम्ही दवाखान्याबाहेर चांगली जाड फळी ठोकलीत: ‘फितीने पोट मोजणाऱ्या अडाणी बायकांकडे मुलांना नेऊ नका.’ काल त्याच फळीखाली मी रांगेत होतो. पुढे नेलिदा, तिची सात वर्षांची मुलगी रोमिना आणि फितीने मोजून मुलांचं अडलेलं पोट मोकळं करणारी म्हातारी सेनोबिया. त्यांचं बोलणं ऐकाच.

“रोमिनाला पाच दिवस शी नाही, सेनोबिया आजी. औषधाची ही तिसरी बाटली.”

“रोमिना, फितीचं टोक बेंबीवर धर. मी कोपरापासून बोटांपर्यंत फीत मोजत मोजत तुझ्याकडे येते.”

“इथे? आजी, वर काय लिहिलंय!”

“मला कुठे वाचता येतं! एक... दोन... तीन. आलं बघ नाकाला नाक. आता माझ्या कानात सांग, कुठे अडलंय?”

“शाळेत.”

“शाळेत काय गं?”

“संडासाला दारच नाही. मुलगे बघतात. मी दाबून धरते. पाणीपण पीत नाही.”

“अगं, मग मला का नाही सांगितलंस?”

“तू फक्त झाली का विचारतेस.”

“ओरडू नकोस तिला, नेलिदा. पाणी भरपूर दे, आलुबुखार भिजवून दे. जेवण झालं की पायाखाली वीट ठेवून निवांत बसव. पण आज रांग सोडू नकोस. पाच दिवस म्हणजे डॉक्टरनेही पोट बघायलाच हवं.”

तिने फीत गुंडाळली तेव्हा रांगेतल्या पुरुषांनी टोप्या काढल्या. मीही काढली.

पाटीसाठी फळी मिळाली तुम्हाला. शाळेच्या संडासाच्या दारासाठी कधी मिळणार? उत्तर द्या.